डाव्या हातातल्या संक्रांतीच्या बांगड्या

बत्तिसावा मांडा माझ्या हातातून पडला. सव्वीस वर्षं मी मांडे करते आहे, आणि हातावर घेतलेला मांडा त्याआधी कधी पाडला नव्हता, म्हणून आकडा लक्षात राहिला.

ज्यांनी खानदेशातले मांडे होताना पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पुरण भरलेला गोळा आधी हातानेच पसरायचा. मग या हातावरून त्या हातावर झेलत, पार कोपरापर्यंत घेत वाढवायचा, आणि परातीएवढा झाला की चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. दोन हात लागतात आणि दोन्ही सारखेच लागतात. एक हात हुशार आणि दुसरा ढ, हे मांड्याला चालत नाही.

मी मंगल. नरडाण्याला राहते, वय अठ्ठेचाळीस. माझे मिस्टर सुभाष तिथल्याच एमआयडीसीत फिटर आहेत. (घरात मी त्यांचं नाव घेत नाही, लिहिताना घेते. कागदाला कान नसतात.) मी आणि माझी धाकटी जाऊ कल्पना मिळून मांड्यांच्या ऑर्डरी घेतो. बीपीच्या गोळ्या मला चालू होत्या. बरं वाटतंय म्हणून दिवाळीपासून मीच त्या बंद केल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी फार कीव करायला नको.

संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. साखरपुड्याची साठ मांड्यांची ऑर्डर होती. दोन्ही हातांत संक्रांतीला भरलेल्या नव्या हिरव्या बांगड्या, आठ इकडे आणि आठ तिकडे. बत्तिसावा मांडा डाव्या हातावर आला आणि हात खाली गेला. मी खाली घेतला नाही, तो गेला.

"ताई, मांडा पडना," कल्पना म्हणाली आणि हसली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

*

पुढचा अर्धा तास मला सगळा आठवतो, आणि तोच मला सगळ्यात भीतीचा वाटतो. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. बोलायला गेले की जिभेला जणू पुरण चिकटलं होतं. मी "धुळ्याला न्या" म्हणत होते आणि बाहेर नुसता घरघर आवाज येत होता.

अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, शहात्तर वर्षांच्या. त्यांनी एका नजरेत निदान केलं. "वारं लागनं इले. लसूननं तेल गरम कर." मला भिंतीशी टेकवलं आणि माझा डावा हात तेलाने चोळायला घेतला. इतका चोळला की कातडी लाल झाली. मला काहीच लागत नव्हतं. अक्कांच्या माहेरचा एक माणूस सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो, लकव्यावर झाडपाला देतो. त्याच्याकडे न्यायचं असं त्यांनी ठरवूनही टाकलं. सुभाष ड्युटीवर, त्यांचा फोन लॉकरमध्ये. घरात अक्कांच्या शब्दापुढे जाणारं कोणी नव्हतं.

कल्पनाने मागच्या दारी जाऊन माझ्या मुलीला, पूजाला, जळगावला फोन लावला. पूजा तिथे लॅबमध्ये काम करते. तिने फोन आत आणून स्पीकरवर ठेवायला लावला. "काकू, आईला दोन्ही हात वर करायला सांगा."

मी दोन्ही वर केले. म्हणजे मला तसं वाटलं. उजवा एकटाच वर होता.

"आत्ताच्या आत्ता धुळ्याला," पूजा म्हणाली. "तेल नको, काही नको. आजी, तुला माझी शपथ आहे."

तेवढ्यात मांडे न्यायला साखरपुडेवाल्यांचा टेम्पो आला. कल्पनाने टेम्पोवाल्याला काय सांगितलं मला माहीत नाही, पण एकतीस मांड्यांच्या पाट्यांसोबत मी मागे आडवी झाले आणि हायवेला लागले. डोकं अक्कांच्या मांडीवर होतं. रस्ताभर माझ्या अंगाला गरम पुरणाचा वास येत होता. आपण मेलो तर या वासातच मरणार, असं वाटत राहिलं.

दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला, "त्रास नक्की किती वाजता सुरू झाला?" वेळेवर सगळं अवलंबून होतं. एका ठरावीक वेळेच्या आत आलं तरच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात. घड्याळाकडे कोणीच पाहिलं नव्हतं. अक्का म्हणाल्या सकाळी. डॉक्टर म्हणाले, "सकाळी म्हणजे कधी?"

तेव्हा कल्पना पुढे झाली. "एकतीस मांडा व्हयी गया व्हतात. बत्तिसावा पडना."

डॉक्टरांना काही कळेना. तिने समजावून सांगितलं. एमआयडीसीच्या आठच्या भोंग्याला आम्ही पहिला मांडा टाकला. एका मांड्याला तीन मिनिटं, मध्ये एकदा खापर उतरवून पुसलं त्याची दहा. डॉक्टरांनी बोटांवर हिशोब केला आणि नर्सला हाक मारली. मी वेळेत होते. माझं आयुष्य ज्या घड्याळाने वाचवलं त्याला काटे नव्हते.

*

नऊ दिवस दवाखान्यात होते. सलाइनसाठी चांगला हात लागतो, म्हणून नर्सने उजव्या हातातल्या आठही बांगड्या काढून घेतल्या. डाव्याला कोणी हात लावला नाही. अक्का कॉटच्या पायाशी बसून ते बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं, पण तेव्हा माझं मलाच इतकं झालं होतं की मी विचारलं नाही.

बोलणं चौथ्या दिवशी बऱ्यापैकी परत आलं. पाय आठव्या दिवशी धरून धरून चालू लागला. हात आला नाही. तो माझ्या पोटावर पडलेला असायचा, कोणीतरी आपली वस्तू विसरून गेल्यासारखा. कूस बदलताना तो मागे राहायचा आणि मला उजव्या हाताने त्याला उचलून आणावं लागायचं. त्याची मला किळस आली होती. स्वतःच्या हाताची किळस येते हे मी कोणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे. ज्यांना येत असेल त्यांनी समजावं, तुम्ही एकटे नाही.

वॉर्डात झाडू मारणाऱ्या एक मावशी होत्या. रोज काम संपलं की त्या माझी वेणी घालून द्यायच्या. न विचारता, न बोलता. वेणी घातली की मी माणसात यायचे.

घरी आल्यावर सगळं अक्कांनी हातात घेतलं. माझी आंघोळ, माझी वेणी, माझा घास. मी पेल्याकडे पाहिलं की पेला तोंडाशी. "तू बस. हातले आराम दे. मार लागेल शे त्याले." मोडलेलं हाड जसं हलवायचं नाही, तसा त्यांनी माझा हात उशीवर मांडून ठेवला होता. कासारणीला बोलावून उजव्या हातात नव्या बांगड्या भरल्या.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. सव्वीस वर्षं या घरात मी इतरांची ताटं वाढत आले होते. आता कोणीतरी मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडून, भरिताचा घास करून देत होतं. सासूच्या हातचा घास कोणाला मिळतो? मी राणीसारखी बसून राहिले.

आठवड्यातून दोनदा धुळ्याला फिजिओथेरपीला जायचे. तेजल मॅडम, आमच्या पूजाच्याच वयाची मुलगी. तिथे मी एकदम शहाणी असायचे. पेला उचल म्हटलं की डाव्या हाताने पेला उचलायचे, ठोकळे डब्यात टाकायचे, रुमालाची घडी करायचे. थरथरत का होईना, पण व्हायचं. मॅडम शाबासकी द्यायच्या. सुभाषना वाटायचं, झालं, आता आखाजीला मंगल मांडे करणार. अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, घरोघरी मांडे आणि आमरस असतो. त्या आठवड्यात आम्ही दोघी जावा मान वर करत नाही. मलाही तेच हवं होतं. मांडे गेले तर मी कोण, हा प्रश्न मला त्या दिवसांत सारखा पडायचा.

*

मार्चमध्ये तेजल मॅडमनी माझ्यासमोर दोन राखाडी पट्टे ठेवले. घड्याळासारखे, पण त्यात तबकडीच नव्हती. एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. सात दिवस काढायचे नाहीत.

"यात हालचाल मोजणारी बारीक चिप असते," त्या म्हणाल्या. "इथे तुम्ही काय करू शकता ते मला दिसतं. घरी तुम्ही काय करता ते मला बघायचं आहे."

पट्टा मनगटाच्या हाडाशीच बसायला हवा, म्हणून बांगड्या काढून ठेवा असं त्या म्हणाल्या. अक्का सोबत होत्या. त्या इतक्या जोरात "नही" म्हणाल्या की शेजारच्या टेबलावरचे आजोबा दचकले. सवाष्णीचा हात मोकळा ठेवायचा नाही, हे मलाही पटत होतं. शेवटी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि त्यांच्याखाली पट्टा बसवला. अक्का त्या पट्ट्याकडे बघत म्हणाल्या, "याले कान बी शेतस का?"

मॅडम हसल्या. "नाही आजी, ऐकत नाही. फक्त हललं का ते बघतो."

"मंग ठीक शे," अक्का म्हणाल्या.

सात दिवस मी नेहमीसारखी राहिले. मला वाटलं, परीक्षा तर आपण तिथे दर वेळी पास होतो.

आठव्या दिवशी मॅडमनी कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. उजव्या हाताचे निळे डोंगर, सकाळी सहापासून थेट झोपेपर्यंत. खाली डाव्या हाताची लाल रेघ. सपाट रान, मध्ये कुठेतरी एखादं झुडूप. मॅडमनी एका झुडपावर बोट ठेवलं. "ही मी सांगितलेली व्यायामाची वीस मिनिटं. बाकी दिवसभर काही नाही. साधारण माणसाचे दोन्ही हात दिवसभरात जवळजवळ सारखेच हलतात, माणूस उजवा असला तरी. तुमचा डावा, उजव्याच्या चौथाईसुद्धा नाही."

मी म्हटलं, "पण मी पेला उचलते ना."

"इथे उचलता. घरी कोण उचलतं?"

 सोबत आलेल्या सुभाषनी उत्तर दिलं, "अक्का."

चोरी पकडली गेल्यासारखं मला झालं. मॅडमचा आवाज मऊच होता, पण त्या जे बोलल्या ते मऊ नव्हतं. हाताला काम दिलं नाही की डोकं त्याला विसरतं. पहिले काही महिने महत्त्वाचे. ते हातचे गेले तर पुढे हात सुधारतो, पण फार हळू आणि फार थोडा. "हात तुमच्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तो ठेवून दिला आहे."

*

सुभाषनी घरी येऊन एक चूक केली. मशीनने जे सांगितलं ते त्यांनी जसंच्या तसं अक्कांना सांगितलं.

अक्कांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी बिघाडा का तिना हात?"

"तसं नाही अक्का, मॅडम म्हणतात की..."

"दोन महिना मी तिना गू-मूत काढं. आते मशीन सांगस, मी बिघाडा."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ताट समोर ठेवायच्या आणि निघून जायच्या. घरात चार माणसं आणि भांड्यांचेच आवाज. सुभाष दोघींच्या मध्ये सापडले होते, त्यांनी सरळ ओव्हरटाइम घ्यायला सुरुवात केली. मला तर सगळ्यांचाच राग आला होता. अक्कांचा, मॅडमचा, त्या पट्ट्यांचा. सगळ्यात जास्त हाताचा.

गुढीपाडव्याच्या आधी पट्टे पुन्हा बांधले. मॅडमनी बजावलं होतं की या वेळी फरक दिसला नाही तर उजव्या हाताला मोजा घालायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. दिवसाचे पाच तास. मी त्या मोज्याला फार घाबरले. आता निदान एक हात तरी माझा होता. तोही बांधून घ्यायचा म्हणजे पदर सावरायला, माशी हाकलायलासुद्धा मी मोताद.

म्हणून मी लबाडी केली. रोज साडेचारला मालिका लागायची. ती बघताना उजव्या हाताने डावं मनगट धरायचं आणि दोन्ही हात खाली-वर, खाली-वर करत राहायचं. चांगला तासभर. पट्ट्याला काय कळतंय कोणी हलवलं ते. कल्पनाने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ताई, दहावीले कॉपी करी का तू?" मी तिला गप्प बसवलं.

आठव्या दिवशी चित्र आलं. लाल रानात सात डोंगर उगवले होते. सुभाष खूश झाले. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"मंगलताई, रोज साडेचार वाजता तुमचे दोन्ही हात जुळे होतात. त्याच सेकंदाला वर, त्याच सेकंदाला खाली. बाकीचा दिवस मागच्यासारखाच."

मी चित्रावरून नजर काढली.

"कोणाला फसवायचं होतं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

मला रडू कोसळलं. आजारी पडल्यापासून मी मोठ्याने रडले नव्हते. दवाखान्यात नाही, घरी नाही. त्या खोलीत, ठोकळ्यांच्या डब्यासमोर रडले. हात परत येणार नाही याची भीती वाटते, म्हणून त्याला काम सांगायलाच धीर होत नाही, हे मी तिथे पहिल्यांदा बोलले. सांगितलंच नाही तर तो नाही म्हणणार नाही.

मॅडमनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला. माझ्या डाव्या बाजूला ठेवला.

*

मोजा कल्पनाने शिवला, जुन्या गोधडीच्या तुकड्याचा, आत कापूस भरून. चुलीजवळ घालायचा नाही, बाथरूममध्ये नाही, एकटीने चालताना नाही, असे नियम होते. बाकी सकाळचे तीन तास आणि दुपारचे दोन.

पहिल्या दिवशी मी माठाशी गेले. कल्पना मागे उभी होती. डाव्या हाताने स्टीलचा पेला धरला. बोटं उघडायला वेळ लागला, मिटायला त्याहून जास्त. पेला नळाखाली नेताना मनगट हललं आणि बांगड्या नळावर खण्णकन आपटल्या.

अक्का कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी माझं मनगट गच्च पकडलं आणि पेला काढून घेतला.

मी ओरडले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सासूवर ओरडले. "सोडा! हा हात मेला तर तुमच्यामुळे मरेल."

बोलल्यावर माझीच मला लाज वाटली. पण शब्द तोंडातून निघून गेला होता. अक्का तिथेच माठाशी खाली बसल्या. माझं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. त्या एकेक बांगडी बोटाने चाचपून बघत होत्या, कुठे तडा गेला का ते.

"दवाखानामा उजवा हातन्या काढी लिन्यात," त्या हळू म्हणाल्या. "ह्या र्‍हायन्यात. मी तवय मनमा बोलनू, ह्या संक्रांतन्या बांगड्या जवलोंग शाबूत शेतस, तवलोंग मनी वहूले काही व्हवाव नही."

कल्पनाने माझ्याकडे पाहिलं. मीही खाली बसले.

मग मला एकेक गोष्ट आठवत गेली. उशीवर मांडलेला हात. तोंडाशी आलेला पेला. पट्ट्यासाठी बांगड्या काढायला दिलेला नकार. नर्सने उजव्या हातातल्या काढल्या तेव्हाचा त्यांचा चेहरा. उजव्या हातातल्या बांगड्या दोनदा भरून झाल्या होत्या, कामात पिचत होत्या. डाव्या आठच्या आठ होत्या, संक्रांतीच्या, नव्यासारख्या. मशीनने मार्चमध्ये सांगितलं ते अक्का फेब्रुवारीपासून रोज मोजत होत्या. मशीनला जी वाईट बातमी वाटत होती, तीच त्यांना माझ्या जिवाची हमी वाटत होती.

"अक्का," मी म्हटलं, "काम करणाऱ्या बाईच्या बांगड्या पिचतातच."

 त्यांनी मनगट सोडलं. त्यानंतर मी मोजा घातला की त्या ओसरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसायच्या. आतून बांगड्यांचा आवाज आला की त्यांचे खांदे वर जायचे. मागे वळून मात्र एकदाही पाहिलं नाही. एवढं करायला त्यांना काय लागलं असेल ते मला माहीत आहे.

*

मोज्याचे पंधरा-वीस दिवस गोड नव्हते. मी डाव्या हाताने वरण खाल्लं, निम्मं साडीने खाल्लं. शेंगा फोडल्या, चार फोडायला सकाळ जायची. पोरीच्या वयाच्या बाईसमोर रडायला लाज वाटते, पण घरच्यांसमोर रडायला राग येतो, हे तेव्हा कळलं. दोनदा मोजा फेकून दिला. दोन्ही वेळा कल्पनाने न बोलता आणून परत दिला. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना एकच सांगते. आमच्या हातून सांडू द्या. पुसायचं नंतर.

आखाजी आली. पूजा जळगावहून माहेरपणाला आली. अंगणात खापर तापलं. चुलीकडे कल्पना, मी लांब परातीशी. गोळा फक्त मी वाढवायचा, खापरावर तिने टाकायचा, असं ठरलं होतं. सगळे काहीतरी काम काढून तिथेच घुटमळत होते. मी उजव्या हातावरून गोळा डाव्यावर टाकला. डाव्याने तो झेलला. परत उजवा, परत डावा. तिसऱ्या खेपेला मनगट वळलं नाही आणि मांडा मधोमध फाटून पुरण माझ्या मांडीवर पडलं.

 पूजा कुत्र्याला हाकलायला लागली, कुत्रं तिथे नव्हतंच. मी उरलेला तुकडा परातीत ठेवला आणि म्हटलं, "या वर्षी तू कर, कल्पना." मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. जे तीन महिने मनात धरलं होतं ते झालं नाही.

मी उजव्या हाताने मांडीवरचं पुरण निपटत होते. शेजारी पाटावर आमरसाचं पातेलं होतं, पूजाच्या पायाचा धक्का पाटाला लागला. पातेलं कललं. मी बघितलंही नीट नव्हतं. खण्ण आवाज झाला, रस हिंदकळला आणि राहिला. मी पुरण निपटतच होते.

"आई," पूजा म्हणाली. "आई, तुझा हात बघ."

पातेल्याच्या काठाला माझा डावा हात होता. चारही बोटं आत, रसात. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, मॅडमनी नाही, उजवा हात मोज्यात कोंडलेलाही नव्हता. तो आपला गेला होता आणि त्याने पातेलं धरलं होतं.

पातेल्याच्या काठाशी हिरव्या काचेचे दोन तुकडे पडले होते.

सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. सणाचा दिवस, पितरांची घागर भरलेली, आणि सवाष्णीच्या हातातली ती बांगडी फुटलेली. अक्का ओसरीवरून उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत आल्या. माझ्या मनगटावरच्या मोजल्या. सात. मग वाकून दोन्ही तुकडे उचलले, त्यांना लागलेला रस पदराला पुसला, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. 

"खापर थंडं व्हयी राह्यनं," त्या कल्पनाला म्हणाल्या. "मांडा टाक."

पुढच्या मंगळवारी धुळ्याला जायचं होतं. पट्टे तिसऱ्यांदा बांधायचे होते. या वेळी लाल रेघ काय सांगेल ही धाकधूक मला होतीच. अक्का न सांगता तयार होऊन बसल्या होत्या. दवाखान्यात मॅडमनी कॉम्प्युटर चालू केला, पट्टे बाहेर काढले, माझ्या मनगटाकडे हात पुढे केला.

अक्कांनी त्यांचा हात अडवला. पदराची गाठ दातांनी सोडवली आणि काचेचे दोन तुकडे कॉम्प्युटरशेजारी टेबलावर ठेवले.

"पहिले हाई लिखी ले, बेटा," त्या म्हणाल्या.